नाव आपण घ्यायचं नाही

माझं कुलपांचं दुकान आहे. कुलपं विकायची, अडकलेली उघडायची, चाव्या करून द्यायच्या. या धंद्यात माणूस भोळा राहत नाही. "घराची चावी हरवली हो" असं रडवेल्या तोंडाने सांगणाऱ्याला मी आधी विचारतो, घर कुणाचं? दुकान बंद केल्यावर कुलूप दोनदा ओढून बघतो, कोपऱ्यापर्यंत जातो, परत येतो आणि पुन्हा एकदा ओढतो. लिफ्टमध्ये तर मी पायच ठेवत नाही. ज्या दोराला आपण लटकायचं तो दोर आपल्याला बघायलाही मिळत नाही, हा काय व्यवहार झाला? बायको म्हणते, "तुम्ही आरशात बघितलंत तरी विचाराल, कोण पाहिजे?" म्हणू दे. विश्वास पानिपतात गेला तो गेला.

आणि असल्या माझ्या नशिबी मेहुणा कोण यावा? तर सहजराव.

हे काही त्यांचं खरं नाव नाही. तोंड उघडलं की "सहज म्हणून सांगतो" अशीच सुरुवात, म्हणून घरात हे नाव पडलं आणि चिकटलं. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. वडील लवकर गेले तेव्हा बहिणीला मी लहानाची मोठी केली, त्यामुळे तिच्या घरात अजूनही दादाच्या होकाराशिवाय मोठं पाऊल पडत नाही. मोठेपणा म्हणून नाही सांगत. पुढचा सगळा घोळ त्या होकारामुळेच झाला.

लग्नाच्या वेळी मला सांगितलं होतं, मुलगा जाहिरातीत आहे. मला वाटलं, पाट्याबिट्या रंगवत असेल. नंतर कळलं की या गृहस्थाला बोलायचे पैसे मिळतात.

म्हणजे कसं, तर समजा एका कंपनीने नवा पंखा काढला. चौकात मोठा मांडव, दिवे, गाणी. माणसं जमली. त्या गर्दीत आमचे सहजराव घाम पुसत उभे राहणार आणि शेजारच्याला, सहज म्हणून, सांगणार, "आमच्याकडे एक पंखा आहे, पण मेल्याचा आवाजच येत नाही. चालू आहे का बंद, तेच कळत नाही." शेजारचा विचारणार, कुठला हो? "जाऊ द्या, दुसऱ्याच्या मांडवात कशाला." पुन्हा विचारलं की मग, अगदी नाइलाजाने, दुसऱ्याच कंपनीचं नाव. मांडवाचा खर्च एकाचा आणि गिऱ्हाईक पळवलं दुसऱ्याने. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

या धंद्याचा एक नियम त्यांनी मला एकदा मोठ्या अभिमानाने सांगितला होता. "दादा, नाव आपण घ्यायचं नाही. समोरच्यानं विचारलं पाहिजे. आपण घेतलं की ती जाहिरात. त्यानं विचारलं की ती माहिती."

त्यांचा सगळ्यात गाजलेला पराक्रम बुटांचा. एका बूट कंपनीचा मोठा समारंभ होता. सभागृहात पांढरा जाड गालिचा घातलेला, म्हणून दारात पाटी लावली, पादत्राणे बाहेर काढावीत. बूट कंपनीनेच अशी पाटी लावावी म्हणजे हात दाखवून अवलक्षण! सहजरावांना ती पाटी आदल्या दिवशी दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांची सगळी टोळी विरुद्ध कंपनीचे लालभडक बूट घालून आली आणि दारात नीट रांगा लावून बूट काढून आत जाऊन बसली. पाहुणे आले ते त्या लाल रांगांमधून वाट काढत. फोटोवाले जिन्यातच थांबले. आत स्टेजवर मालक बोलत राहिला आणि वर्तमानपत्रात फोटो आला तो दाराचा.

बहीण हे सांगताना हसून हसून लाल झाली होती. मी नाही हसलो. मी एवढंच विचारलं, "डोकं कुणाचं?"

"यांचंच," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मी मनाशी ठरवलं, या माणसाने वेळ जरी सांगितली तरी आपलं घड्याळ बघायचं. आणि मी एकटाच नव्हतो. घरातही त्यांच्या शब्दाला कवडीची किंमत राहिली नव्हती. जेवताना ते म्हणाले, "भाजी छान झालीय," की बहीण विचारायची, "कोणत्या कंपनीची?" सगळे खो खो हसायचे. सहजरावही हसायचे. मला तेव्हा ते हसणं खरं वाटायचं. माणूस ओळखण्यात मी किती कच्चा, ते यावरून कळावं.

यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचं काम करते. हुशार, कमी बोलणारी, बापावर अजिबात न गेलेली. तिच्यासाठी मी एक स्थळ आणलं. माझ्या मित्राचा मुलगा. मित्र रंगांचा घाऊक व्यापारी. घर भरलेलं, माणसं सालस, शोधून सापडणार नाही असं ठिकाण. बहीण म्हणाली, "दादा, तू बघितलंयस ना, मग झालं." भाची म्हणाली, "मामा हो म्हणेल तिथेच करीन." पण म्हणताना तिने माझ्याकडे न बघता चष्म्याची काच पुसली. मला ते तेव्हाच खटकलं होतं. सहजराव काहीच बोलले नाहीत. तेही खटकलं. बोलण्यावर जगणारा माणूस गप्प बसला की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय.

मग दुकानात गंमत सुरू झाली.

एक आजीबाई कुलूप घ्यायला आल्या. कुलूप घेता घेता म्हणाल्या, "आमच्या इमारतीत लिफ्टवाला मुलगा येतो, फार गुणी हो. माझी पिशवी वरपर्यंत पोचवून आला." मी म्हटलं, बरं. त्या थांबल्या. मी नाव विचारीन म्हणून वाट बघत होत्या की काय कोण जाणे. दोन-तीन दिवसांनी एक टॅक्सीवाला चावी करायला आला. चावी घासून होईपर्यंत त्याने मला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका पोराची गोष्ट ऐकवली. पोराला टॅक्सीत पाकीट सापडलं आणि ते द्यायला तो म्हणे शहरभर हिंडला. "असली पोरं हल्ली कुठे मिळतात!" टॅक्सीवाला म्हणाला, आणि थांबला.

मी चावीवरचा कीस फुंकला आणि चावी त्याच्या हातात ठेवली. नाव विचारतोय माझा जोडा!

कान पकडून ओढावा इतकं उघड होतं. मी तडक बहिणीकडे गेलो. पाच मजले जिन्याने चढलो आणि धापा टाकतच तिला बाजूला घेतलं. "खरं सांग, हा लिफ्टवाला कोण?"

बहिणीने पदराशी चाळा केला. भाचीच्या दुकानात तो चष्मा करायला आला होता. तिथून ओळख. पोरीच्या मनात तो आहे. पण मामा नाही म्हणाला तर ती शब्द काढणार नाही.

"आणि तुझा नवरा माझ्या दुकानात माणसं पाठवतोय!"

सहजराव आतल्या खोलीतून आले. "मी? नाही हो दादा. सहज म्हणून सांगतो, तुमच्या दुकानाची ख्यातीच मोठी..."

"सहज म्हणून काही सांगू नका मला," मी म्हणालो. "रविवारी माझा मित्र सहकुटुंब तुमच्याकडे जेवायला येतोय. त्या दिवशी काही चाळा केलात तर याद राखा."

रविवार आला. मी लवकर जाऊन बसलो होतो, डोळ्यात तेल घालून. ताटं मांडलेली, भाची तयार, सहजराव माझ्या नजरेसमोर. आणि खालून आरडाओरडा ऐकू आला. माझा मित्र, त्याची बायको आणि मुलगा, तिघं लिफ्टमध्ये, दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते!

मी जिन्याने धावलो. तोवर एक तरुण हातात हत्यारांची पिशवी घेऊन तिथे पोचलाही होता. तो दाराच्या फटीला तोंड लावून आत बोलत होता. "काकू, खाली बसा. भिंतीला हात लावू नका. मी काय करतोय ते तुम्हाला सांगत राहतो." वर गच्चीतल्या यंत्राच्या खोलीत जाऊन त्याने लिफ्टचं चाक हाताने फिरवलं, लिफ्ट मजल्याला लावली, दार उघडलं, काकूंना हात देऊन बाहेर काढलं आणि माझ्याकडे मान तुकवून निघून गेला. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही.

मग काय! जेवण आमच्या स्थळाचं आणि विषय त्या पोराचा. "किती शांत मुलगा!" मित्राची बायको म्हणाली. "याने तर आत ओरडून ओरडून माझा जीव खाल्ला," असं म्हणून तिने स्वतःच्याच मुलाकडे बोट दाखवलं. मुलगा कानकोंडा झाला. भाची मान खाली घालून वाढत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मित्राच्या बायकोने सहजरावांना विचारलं, "कोण हो तो? नाव काय त्याचं?"

सहजराव पाण्याचा पेला ठेवत म्हणाले, "जाऊ द्या हो वहिनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगदी तोच खेळ! मांडव माझा, पाहुणे माझे आणि दारात लाल बूट यांचे. रविवारी संध्याकाळी लिफ्टवाला हत्यारांसकट याच गल्लीत कसा? पाहुणे गेल्यावर मी विचारलंच. सहजराव म्हणाले, "योगायोग." योगायोग म्हणे! मी त्या माणसाला सांगितलं, "तुमचा हा योगायोग मी खणून काढतो. त्या पोराचं एक जरी लफडं सापडलं तर या घरात त्याचं नाव निघणार नाही."

बहिणीचा चेहरा पडला. भाची स्वयंपाकघरात भांडी घासत होती. ते ऐकून तिने नळ बंद केला आणि तशीच उभी राहिली.

मी हट्टाला पेटलो. पोरगा कुठल्या इमारतींचं काम बघतो ते काढलं आणि एका सकाळी दुकान उशिरा उघडायचं ठरवून गेलो. कुणालाही न सांगता. वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, चांगला मुलगा आहे. मी मनात म्हटलं, पढवलेला. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, फार चांगला. पढवलेल्या. चांगलं बोलणारा प्रत्येक माणूस माझ्या हिशेबी सहजरावांचा.

मग जिन्यात मला एक टकला गृहस्थ भेटला. पायरीवर बसलेला, दोन्ही बाजूला जड पिशव्या, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. मी लिफ्टवाल्याबद्दल विचारायचा अवकाश, तो फाडकन म्हणाला, "त्याचं नाव काढू नका माझ्यासमोर!"

मी कान टवकारले. अखेर एक खरा माणूस सापडला. "का हो, काय केलं त्यानं?"

"काय नाही केलं? लिफ्टचा दोर झिजलाय म्हणाला आणि दिली बंद करून! आम्ही म्हटलं, अरे, अजून महिनाभर तरी चालव, घरात म्हातारी माणसं आहेत. नाही! आम्ही सगळे त्याच्यावर धावून गेलो. वरच्या मजल्यावरच्या एकाने त्याची कॉलर धरली. त्याच्या साहेबाकडे तक्रार केली. साहेबाने दमात घेतलं. तरी हा पठ्ठ्या चावी खिशात घालून बसला. नवा दोर येईपर्यंत सगळे आपले जिने चढतोय. असल्या अडेल माणसाला कुणी मुलगी तरी देईल का?"

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. मला ते चित्र दिसायला लागलं. शिव्या खाणारं पोरगं आणि खिशात चावी. मी आयुष्यभर कुलपांबरोबर राहिलोय. कुलपाचं काम एवढंच, कुणी ओढलं तरी उघडायचं नाही. आणि हे मला स्तुती करणाऱ्याने सांगितलेलं नाही, शत्रूने सांगितलंय. यापेक्षा पक्का दाखला कुठला?

त्याच संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो आणि हो म्हणालो. मित्राला स्वतः जाऊन सांगितलं. त्याचा राग सहन केला. भाचीने मला मिठी मारली तेव्हा तिच्या हाताला भिंगाची पूड लागलेली होती आणि माझा शर्ट पांढरा झाला. मला फार बरं वाटलं. सहजरावांना मात्र मी ऐकवलंच, "तुमच्या आजीबाई, तुमचा टॅक्सीवाला, तुमची लिफ्ट, कशालाच मी फसलो नाही. मी माझा माणूस शोधला. शिव्या देणारा."

"दादा, तुमच्यापुढे कुणाचं काय चालणार," सहजराव म्हणाले.

लग्न झालं. वर्ष बरं गेलं. आणि मग एक दिवस मी बाजारातून येत होतो. बुटांचं एक नवं दुकान उघडलं होतं. बाहेर रांग. रांगेत कुणीतरी मोठमोठ्याने कुरकुरत होतं. "माझे जुने बूट, दुसऱ्या कंपनीचे हो, फाटतच नाहीत! नवे घ्यायला निमित्त तर मिळालं पाहिजे की नाही? बायको म्हणते, आधी हे फाटू द्या!" पुढचा माणूस हसत मागे वळला. "कुठल्या कंपनीचे?"

"त्यांचं नाव काढू नका माझ्यासमोर!"

तोच टकला. तोच एरंडेल प्यायलेला चेहरा.

मग सगळं खोटं? दोर, चावी, कॉलर, सगळं? त्या एका शिवीवर विसंबून मी आमची पोरगी देऊन बसलो होतो. बहिणीचे पाच मजले मी त्या दिवशी कसे चढलो मला आठवत नाही. सहजराव एकटेच होते, गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मी त्यांच्या हातातला टॉवेल हिसकावून घेतला.

"तो टकला तुमचा माणूस?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच सहज न म्हणता उत्तर दिलं. "हो."

"जिन्यात बसवला होतात?"

"तुम्ही कधी याल ते माहीत नव्हतं. रोज सकाळी बसायचा बिचारा."

"आणि आजीबाई, टॅक्सीवाला?"

"ते तुम्हाला ओळखू यावेत म्हणूनच पाठवले होते. संशयी गिऱ्हाईकाला आधी एक चोर पकडू द्यावा लागतो, दादा. तो पकडला की मग ते दुसरीकडे बघत नाही."

"आणि दोराची गोष्ट?"

"खरी आहे. अगदी कॉलरसकट. त्या इमारतीत कुणालाही विचारा. पण तुम्ही परके. तुमच्याजवळ ते कशाला सांगतील, आम्ही त्याची कॉलर धरली म्हणून? ते म्हणाले असते, चांगला मुलगा आहे. आणि चांगलं तुम्हाला चालत नाही. म्हणून खऱ्या गोष्टीला मी शिव्या देणारा माणूस लावला."

"लिफ्ट अडकली ती?"

"ती आपली आपण अडकली. तो खाली फाटकाशी उभा होता, कोण येतंय ते बघायला. घाबरला होता पोरगा. देवाशपथ."

देवाशपथ! मी ओरडलो, "अहो, तुम्ही बाप ना तिचे? मग सरळ येऊन का नाही सांगितलंत मला, की हा मुलगा चांगला आहे?"

सहजरावांनी माझ्या हातातला टॉवेल घेतला, झटकला आणि दोरीवर टाकला. मग त्याच्याआडून बोलले.

"सगळ्यात आधी सरळच सांगितलं होतं, दादा. तुम्हाला नाही, तुमच्या बहिणीला. नाव घेऊन सांगितलं. म्हटलं, हा मुलगा मला मनापासून आवडलाय, पोरगी सुखात राहील." त्यांनी टॉवेलला चिमटा लावला. "ती हसली आणि म्हणाली, कोणत्या कंपनीचा?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. त्या एका थट्टेला मी किती वेळा हसलो होतो! ज्याच्या बोलण्यावर अख्ख्या शहराने पंखे बदलले, त्या माणसाला स्वतःच्या मुलीसाठी एक खरं वाक्य खपवता येईना. शेवटी त्यालाही भाड्याची माणसं आणावी लागली. मला फार वाईट वाटलं. लाजही वाटली.

"चला," मी म्हणालो, "पोरीकडे जाऊन येऊ."

ते चपला घालून बाहेर आले. मी सवयीने जिन्याकडे वळलो आणि थांबलो. बहिणीच्या इमारतीची लिफ्ट हल्ली आमचा जावईच बघतो.

"दोर बघितलाय त्याने?" मी विचारलं.

"मागच्याच आठवड्यात," सहजराव म्हणाले. "मी सांगतोय."

मी आत शिरलो. दार लावून दोनदा ओढून बघितलं. मग डोळे मिटून घेतले आणि त्यांना म्हणालो, "दाबा खालचं बटण."